आर.ई.एम.चे अखेरचे दोन अल्बम: ‘ॲक्सिलरेट’ आणि ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’

आर.ई.एम. या अमेरिकी बँडच्या अखेरच्या दोन अल्बमांची गल्लत करणाऱ्या श्रोत्याला फारसा दोष देता येत नाही. ‘ॲक्सिलरेट’ २००८ मध्ये आला आणि ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’ २०११ मध्ये. दोन्हींचे निर्माते जॅकनाइफ ली आहेत. गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक आणि बेसवादक माइक मिल्स यांच्या जोडीला दोन्हीकडे ड्रमवर बिल रिफ्लिन आहेत, कारण मूळचे ड्रमवादक बिल बेरी १९९७ मध्येच बँडमधून बाहेर पडले होते. दोन्हींची सुरुवात गिटारच्या दणक्याने होते आणि दोन्हींचे स्वागत ‘जुना आर.ई.एम. परतला’ अशाच शब्दांत झाले. हे वर्णन पहिल्या अल्बमला बरेचसे लागू पडते. दुसऱ्याला ते सवयीने चिकटवले गेले, असे मला वाटते.

‘ॲक्सिलरेट’ समजून घ्यायचा तर त्याआधीच्या, २००४ च्या ‘अराउंड द सन’पासून सुरुवात करावी लागते. तो संथ, गुळगुळीत आणि पाऊण तासाहून बराच लांब अल्बम होता, आणि तो करताना मंडळी आपल्याच गाण्यांना कंटाळली होती, अशी कबुली बक यांनी पुढे जाहीरपणे दिली. त्यावर उपाय म्हणून बँडने स्वतःवरच बंधने घातली. गाणी आटोपशीर ठेवायची, ध्वनिमुद्रणात घोळ घालत बसायचे नाही, आणि मुख्य म्हणजे नवी गाणी स्टुडिओत पक्की करण्याआधी श्रोत्यांसमोर वाजवून पाहायची. त्यासाठी २००७ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या ऑलिम्पिया नाट्यगृहात पाच रात्री चक्क तिकीट लावून तालमी झाल्या. एरवी तीन दशकांच्या जवळ पोचलेला बँड आपली अर्धीकच्ची गाणी सहसा कोणाला ऐकवत नाही. त्यातून निघालेला अल्बम ११ गाण्यांचा आणि ३५ मिनिटांहूनही कमी लांबीचा आहे; बँडच्या सर्व स्टुडिओ अल्बमांत तो सर्वांत छोटा ठरतो. ‘लिव्हिंग वेल इज द बेस्ट रिव्हेंज’ हे पहिले गाणे सुरू झाले की श्रोत्याला उसंत मिळत नाही. बक यांची गिटार सतत पुढे राहते, आणि शब्दांतला राग बुश प्रशासनाच्या अखेरच्या काळातला, ताजा आहे.

‘कोलॅप्स इन्टू नाऊ’मध्ये ही बंधने सैल झालेली ऐकू येतात. तो बर्लिनचा हान्सा स्टुडिओ, नॅशव्हिल आणि न्यू ऑर्लिन्स अशा ठिकाणी घडला. त्यात १२ गाणी आहेत आणि लांबी सुमारे ४१ मिनिटे. पाहुणे कलावंतही बरेच आहेत: एडी व्हेडर, पीचेस, पॅटी स्मिथ, लेनी के. ‘डिस्कव्हरर’ आणि ‘ऑल द बेस्ट’ ही पहिली दोन गाणी ‘ॲक्सिलरेट’मध्ये सहज खपली असती, आणि गल्लत नेमकी तिथूनच सुरू होते. पण तिसरे ‘युबरलिन’ येताच वेग उतरतो, आणि त्यानंतर अल्बम बँडच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या रूपाला एकेकदा भेटून येतो. ‘इट हॅपन्ड टुडे’च्या उत्तरार्धात शब्द संपतात आणि नुसते आवाज एकमेकांवर चढत जातात, ‘ॲक्सिलरेट’च्या घाईत अशा पसरलेल्या जागेला थाराच नव्हता.

दोन्हींतला फरक एकाच ठिकाणी पकडायचा असेल तर ‘ह्यूस्टन’ आणि ‘ओ माय हार्ट’ ही गाणी लागोपाठ ऐकावीत. पहिले ‘ॲक्सिलरेट’मधले, जेमतेम दोन मिनिटांचे. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स सोडून टेक्ससमध्ये आसरा घ्यावा लागलेल्या माणसाचे ते बोलणे आहे, आणि वादळातून वाचलो तरी सरकार मारील, अशा आशयाच्या ओळीने ते उघडते. दुसरे गाणे तीन वर्षांनंतरचे. तोच माणूस आता आपल्या शहरात परतला आहे आणि पहिल्या ओळीचे जणू उत्तर देतो: वादळाने मारले नाही, सरकार बदलले. मधल्या काळात अमेरिकेत सत्तांतर झाले होते, हे लक्षात घेतले की ती ओळ नुसती कवितेची राहत नाही. या गाण्यात पितळी वाद्ये आहेत, चाल संथ आहे, आणि पहिल्या गाण्यातल्या संतापाची जागा दुःख आणि सुटकेच्या मिश्रणाने घेतली आहे. एका अल्बमने अर्धवट सोडलेले वाक्य दुसऱ्याने पुरे केल्याचे असे उदाहरण रॉक संगीतात विरळाच.

शेवटांची तुलनाही बोलकी आहे. ‘ॲक्सिलरेट’ ‘आय एम गॉना डीजे’ या धांगडधिंग्याने, जगबुडीची थट्टा करीत संपतो. ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’चे अखेरचे गाणे ‘ब्लू’ आहे. त्यात स्टाइप गाण्याऐवजी बोलत राहतात, पॅटी स्मिथ यांचा आवाज वरून वाहतो, अल्बमचे शीर्षक झालेले शब्द तिथेच उच्चारले जातात, आणि मग अचानक ‘डिस्कव्हरर’ची धून परत येते. मुखपृष्ठावर बँडमधले तिघेही दिसतात आणि स्टाइप यांचा हात वर आहे. त्या वेळी बहुतेकांनी ते अभिवादन समजले.

‘ॲक्सिलरेट’नंतर बँडने मोठा दौरा केला, ‘कोलॅप्स इन्टू नाऊ’साठी दौराच झाला नाही. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी असलेला करार या अल्बमाने पुरा झाला होता. २१ सप्टेंबर २०११ रोजी आर.ई.एम.ने विसर्जन जाहीर केले, आणि अल्बम करीत असतानाच ‘पुढे काय?’ हा प्रश्न आपल्यासमोर होता, असे मिल्स यांनी त्या निवेदनात सांगितले. वर केलेला तो हात निरोपाचा होता, हे श्रोत्यांना तेव्हा, म्हणजे अल्बम येऊन सहा महिने उलटल्यावर, उमगले.