बुरशींच्या जीनोममधील चल डीएनए घटकांचा साठा

जीनोममध्ये, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएत, एका जागेवरून दुसरीकडे जाणाऱ्या किंवा स्वतःची प्रत दुसरीकडे घुसवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांना चल घटक किंवा ट्रान्सपोझॉन म्हणतात. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांना ते प्रथम मक्यात सापडले. बुरशींमध्ये त्यांचे प्रमाण कमालीचे बदलते. पावाच्या यीस्टचा जीनोम १.२ कोटी बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असून त्यात चल घटक जेमतेम ३ टक्के आहेत. काळ्या ट्रफलच्या १२.५ कोटी बेसमध्ये ते ५८ टक्के भरतात. सोयाबीनवरच्या तांबेऱ्याचा जीनोम तर १२५ कोटींचा आहे आणि त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग याच घटकांनी व्यापला आहे. मुंबईत पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या लादीपावावर काळ्या ठिपक्यांचा कापूस चढतो, तो बहुधा रायझोपस. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' म्हणून जिची धास्ती बसली, तिच्यातही हेच कूळ प्रमुख होते. या कुळातल्या रायझोपस डेलेमारच्या ४.५ कोटी बेसपैकी सुमारे पाचवा हिस्सा चल घटकांचा आहे.

साठा वाढवण्यात मोठा वाटा रेट्रोट्रान्सपोझॉनचा. मूळ तुकडा जागीच राहतो, त्याची आरएनए प्रत निघते, तिचा पुन्हा डीएनए बनतो आणि तो नव्या जागी शिरतो. म्हणजे प्रत्येक उडीला एकाची भर. उडी कामाच्या जनुकात पडली तर ती पेशी सहसा मागे पडते. म्हणून टिकलेल्या प्रती जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत किंवा जुन्या प्रतींच्या पोटातच एकात एक बसलेल्या दिसतात.

चल घटकांविरुद्ध न्यूरोस्पोरा या बुरशीचा बंदोबस्त सर्वांत कडक आहे. लैंगिक चक्रात, केंद्रके एकत्र येण्याआधी, ती सुमारे ४०० बेसहून लांब असलेले, दोनदा आलेले सारखे तुकडे ओळखते आणि दोन्ही प्रतींत सायटोसिन या बेसच्या जागी थायमिन हा बेस येईल असे बदल करते. याला आरआयपी म्हणतात. त्याची किंमतही मोठी आहे: जनुकाची उपयोगी दुसरी प्रतसुद्धा यातून सुटत नाही. बार्लीवरच्या भुरीने आरआयपीची जनुके गमावली आहेत. तिच्या जीनोमचा जवळपास दोन-तृतीयांश भाग चल घटकांचा आहे.

मोजणीत दोन चुका नेहमी होतात. यंत्राने एका वेळी वाचलेल्या सुमारे १५० बेसच्या तुकड्यांतून (वाचनांतून) जीनोम जुळवला, तर पाच-सात हजार बेसच्या सारख्या प्रती एकमेकींवर चढून एकच दिसतात आणि साठा प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. त्यासाठी लांब वाचने हवीत, आणि त्यांच्यासाठी न तुटलेला डीएनए. बुरशीची कायटिनयुक्त भिंत जोराने फोडली की नेमका तोच तुटतो.

दुसरी चूक वयाची. एलटीआर रेट्रोट्रान्सपोझॉनची, म्हणजे दोन्ही टोकांना तोच लांब क्रम असलेल्या रेट्रोट्रान्सपोझॉनची, दोन्ही टोके शिरताना एकसारखी असतात. पुढे त्यांच्यात प्रत्येक जागेमागे पडलेल्या फरकाला उत्परिवर्तनाच्या दुप्पट दराने भागले की उडीचा काळ निघतो. दुप्पट, कारण दोन्ही टोके स्वतंत्रपणे बदलतात. आरआयपी झालेल्या प्रतीत मात्र हे बदल एका पिढीतच ढिगाने होतात. ते वगळले नाहीत, तर अलीकडे शिरलेला घटक लाखो वर्षांचा भासतो.