रबर कारखान्याच्या सांडपाण्याला फोटोकॅटॅलिस्ट: मंडळाची संमती अडते कुठे?

दोडामार्ग-सावंतवाडीकडचे रबरवाले असोत की लोटे-परशुरामचे रबरी माल बनवणारे, सांडपाण्यासाठी फोटोकॅटॅलिस्टची, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर घाण मोडणाऱ्या पदार्थाची, यंत्रणा बसवायची म्हटली की ‘यंत्रणा पाणी स्वच्छच करते, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. परवानगी लागते. जल अधिनियम, १९७४ नुसार मिळालेल्या संमतिपत्रात प्रक्रियेची जी पद्धत लिहिली आहे, ती बदलली की संमतिपत्रही बदलून घ्यायचे. नव्या कारखान्याला उभारणीआधी एक संमती, उत्पादनाआधी दुसरी. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. सीएचा दाखला मात्र घसारा वजा न केलेल्या भांडवली गुंतवणुकीचा हवा, शुल्क त्यावर ठरते.

घोडे अडते ते चाचणी अहवालापाशी. पुरवठादार देतो तो अहवाल बहुधा स्वच्छ पाण्यात मिथिलिन ब्लू हा निळा रंग घालून केलेल्या चाचणीचा असतो. रंग उडालेला फोटो झकास दिसतो, पण त्याचा तुमच्या टाकीशी संबंध काय? लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, गोठवल्यावर उरणारे पाणी आंबट, गढूळ, प्रथिनांनी भरलेले. फोटोकॅटॅलिस्ट म्हणून वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण ३८७ नॅनोमीटरहून आखूड लहरींचा प्रकाश लागतो आणि गढूळ पाण्यात तो फार आत जातच नाही. म्हणून आधी रबर ट्रॅप (तरंगणारे रबर अडवणारी टाकी), निवळण, जैविक प्रक्रिया आणि फोटोकॅटॅलिस्ट शेवटी, असाच आराखडा द्या. सोबत तुमच्याच सांडपाण्याचे प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे बीओडी-सीओडी (घाण मोडायला किती ऑक्सिजन लागतो याची मापे), मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून. फोटोकॅटॅलिस्टच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत असाल तर प्रयोगशाळेला आधी सांगा. नमुन्यात उरलेले पेरॉक्साइड सीओडी फुगवून दाखवते.

यंत्रणा उन्हावर चालणार असेल तर जून ते सप्टेंबर काय करणार, हेही अर्जातच लिहा. आणि पावसाचे पाणी वेगळ्या गटारातून काढा. ते टाकीत शिरले की पाण्याचा ताळेबंद, म्हणजे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पाण्याचा हिशेब, जुळत नाही, आणि त्याच मुद्द्यावर अर्ज परत येतो.

एमआयडीसीबाहेर जागा असेल तर सातबारा बघून घ्या. आपल्याकडे त्यावर अजून पणजोबा असतात आणि निम्मे वाटेकरी मुंबईत. सगळ्यांच्या सह्या गोळा करायला गणपतीत सगळे गावी येतात तोच काळ बरा, हे अनुभवाचे बोल समजा.

प्रक्रियेतला गाळ घातक कचऱ्यात मोडत असेल तर २०१६ च्या नियमांनुसार तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो कुठे पाठवणार, तेही सांगावे लागते.

मुदतीचा घोळ तर नेहमीचाच. ‘चार महिने उत्तर नाही, म्हणजे संमती मिळाली’ असे सर्रास सांगतात. जल अधिनियमाच्या कलम २५(७) मधली ही सवलत सर्व बाबतीत पूर्ण असलेल्या अर्जालाच आहे. मंडळाने शंका काढली आणि तुम्ही उत्तर दिले नाही, तर अर्ज अपूर्णच. पोर्टलवर आलेली शंका कोणी फोन करून कळवेल या भरवशावर राहू नका. संमती नाकारली तर कलम २८ खाली अपील आहे. मुदत आदेश कळवल्यापासून ३० दिवस. साहेबांना भेटायला घालवलेले दिवसही त्यातच मोजले जातात.