केमो चालू असताना पेडल मारलं की रक्तात काय होतं?

७ सप्टेंबर २०२५ ला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत हजारो लोक सायकली घेऊन जमले होते. राईडचं नाव 'टूर द ४'. यातला चार म्हणजे स्टेज फोर. ही राईड काढणारा सर ख्रिस हॉय, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅक सायकलिंगची सहा गोल्ड मिळवलेला माणूस, त्याला स्वतःलाच स्टेज फोरचा प्रोस्टेट कॅन्सर आहे, हाडांत पसरलेला, आणि हा बरा होणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थांसाठी निधी जमवायला राईड होती आणि तो स्वतः पण त्यात सायकल चालवत होता.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, "बघा, याला म्हणतात इच्छाशक्ती, मन खंबीर असलं की कॅन्सर पण हरतो." आणि दुसरं, "अहो उपचार चालू असताना असलं काही करायचं असतं का, माणसाने पडून आराम करावा." मला ही दोन्ही बोलणी चुकीची वाटतात आणि दोन्हीमुळे पेशंटचं नुकसान होतं. पहिल्यामुळे ज्याचा आजार वाढला त्याला वाटतं आपलंच मन कमी पडलं. दुसऱ्यामुळे चालता-फिरता माणूस चार महिन्यांत खाटेला खिळतो. खरं काय होतं ते रक्तात आणि स्नायूंत बघायला हवं आणि ते इतकं भारी आहे की त्यावर लिहायचंच असं ठरवलं.

हॉयच्या आधीचं एक नाव सांगतो, आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. जेन टॉमलिन्सन, इंग्लंडमधल्या लीड्सची, हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर. विशीत ब्रेस्ट कॅन्सर झाला, २००० साली तो पसरून परत आला आणि डॉक्टरांनी तिला काही महिन्यांचीच मुदत सांगितली. ती त्यानंतर सात वर्षं जगली, उपचार चालू-बंद चालू-बंद, आणि त्याच काळात मॅरेथॉन, ट्रायथलॉन, भावाबरोबर टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग रोमपासून घरापर्यंत, आणि २००६ ला सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, सुमारे ६,८०० किलोमीटर, नऊ आठवड्यांत. चॅरिटीसाठी साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास निधी जमवला. ३ सप्टेंबर २००७ ला ती गेली. सायकलने तिचा कॅन्सर बरा केला नाही आणि तिने तसा दावा पण कधी केला नाही. पण ती हे सगळं करत होती तेव्हा बहुतेक ठिकाणी केमोच्या पेशंटला "दमू नका" एवढाच सल्ला मिळायचा.

आता आरामाबद्दल. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला होता, विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे पूर्णवेळ झोपवून ठेवलं. बाकी काही नाही, फक्त झोपून राहायचं. तीन आठवड्यांनी त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण परत तपासले तर कळलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता खाल्ली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी खाल्ली होती. हे निरोगी पोरांचं. आता यात केमो घाला, हिमोग्लोबिन उतरलेलं, जेवण जात नाही, प्रोस्टेट कॅन्सर असेल तर टेस्टोस्टेरॉन बंद करणारी इंजेक्शनं, म्हणजे स्नायू आणि हाडं दोन्ही झिजणार, आणि वर घरचे म्हणतात "काका तुम्ही उठू नका, मी आणतो पाणी." प्रेमानेच म्हणतात. पण केमोचा थकवा नुसतं झोपून जात नाही, झोपून राहिल्याने स्नायू अजून जातात आणि मग जिन्याच्या चार पायऱ्यांना पण धाप लागते, मग माणूस अजून झोपतो. हे चक्र तोडायला थोडी हालचालच लागते, आणि थकव्यावर व्यायामाचा उपयोग होतो याचे पुरावे आता भरपूर आहेत.

पण मला खरं सांगायचंय ते थकव्याबद्दल नाही, एनके सेलबद्दल. नॅचरल किलर सेल. १९७५ च्या सुमाराला स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांना या सापडल्या. शाळेत आपण पांढऱ्या पेशी शिकलो, त्यातल्या लिम्फोसाइट्सचाच हा एक प्रकार, रक्तातल्या लिम्फोसाइट्सपैकी साधारण ५ ते १५ टक्के. टी सेल हा लिम्फोसाइट्सचा दुसरा प्रकार, त्यांना आधी शत्रूची ओळख करून द्यावी लागते, त्यात दिवस जातात. एनके सेलला ओळख लागत नाही. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या अंगावर एमएचसी क्लास वन नावाचं प्रोटीन असतं. टी सेल त्यावरूनच आत काय शिजतंय ते ओळखते, म्हणून बऱ्याच कॅन्सर पेशी चलाखी करून हे प्रोटीन अंगावरून काढूनच टाकतात. टी सेलपासून सुटल्या. पण एनके सेल नेमकं उलटं बघते, तिच्यावर असे रिसेप्टर, म्हणजे सिग्नल पकडणारी प्रोटीन, असतात की समोर एमएचसी सापडलं तर ते तिला "थांब" असा सिग्नल देतात, आणि सापडलं नाही, शिवाय ताणात असलेल्या पेशीच्या खुणा दिसल्या, की ब्रेक सुटतो. मग ती चिकटते, परफोरिन नावाचं प्रोटीन सोडून समोरच्या पेशीला भोकं पाडते, ग्रॅन्झाइम नावाची एन्झाइम आत ढकलते आणि ती पेशी स्वतःहून मरायची प्रक्रिया सुरू करते. मला तर हे वाचून प्रत्येक वेळी थक्क व्हायला होतं.

आता अडचण अशी की तुम्ही आरामात बसलेले असता तेव्हा यातल्या बऱ्याच एनके सेल रक्तात फिरतच नसतात, प्लीहेत, फुप्फुसांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. तुम्ही पेडल मारायला लागलात, जरा दम लागेल असं, की अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडते. अ‍ॅड्रिनलिन पकडणारा बीटा-२ रिसेप्टर लिम्फोसाइट्सपैकी सगळ्यात जास्त कुणावर असतो? एनके सेलवर. अ‍ॅड्रिनलिन तिथे बसलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, भिंतीला धरून ठेवणाऱ्या इंटिग्रिन प्रोटीनची पकड ढिली होते, त्यात रक्ताचा जोर वाढलेला असतोच, आणि पेशी सुटून प्रवाहात येते. हे सगळं काही मिनिटांत, रक्तातल्या एनके सेल कित्येक पटींनी वाढतात. व्यायाम थांबला की तास-दोन तासांत त्यांचा आकडा पहिल्यापेक्षा पण खाली जातो, आणि इथे शास्त्रज्ञ स्वतः बरीच वर्षं फसले, त्यांना वाटलं जोरदार व्यायामाने प्रतिकारशक्ती पडते. आता बऱ्याच जणांचं मत असं झालंय की त्या पेशी मरत नाहीत, रक्तातून निघून ऊतींमध्ये गस्तीला जातात. विसर्जनाच्या दिवशी पोलीस चौकी रिकामी दिसली म्हणून पोलीस पळाले असं कुणी म्हणत नाही, ते रस्त्यावर आणि गल्ल्यांमध्ये असतात, तसंच हे.

कोपनहेगनमध्ये पर्निल होयमन या संशोधिकेच्या टीमने २०१६ मध्ये याच्यावर जो प्रयोग प्रसिद्ध केला तो माझा सगळ्यात आवडता. पिंजऱ्यात चाक ठेवलं, उंदीर आपणहून रात्रभर पळतात, त्यांना ते आवडतं. काही आठवडे पळू दिलं, मग मेलानोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर, फुप्फुस, लिव्हर असे वेगवेगळ्या प्रकारचे ट्यूमर त्यांच्यात तयार केले. पळणाऱ्या उंदरांत ट्यूमरचं प्रमाण आणि वाढ ६० टक्क्यांहून जास्त कमी निघाली आणि ट्यूमरच्या आत एनके सेल जास्त सापडल्या. इथवर कुणीही म्हणेल योगायोग. म्हणून त्यांनी एकेक दुवा तोडून बघितला. एनके सेलच काढून टाकल्या, तर पळण्याचा फायदा गेला. बीटा रिसेप्टर अडवणारं औषध (बीटा ब्लॉकर) प्रोप्रानोलॉल दिलं, तरी फायदा गेला. मग पळवायचं नाहीच, नुसतं अ‍ॅड्रिनलिन टोचलं, तर फायदा झाला पण पळण्याइतका नाही. म्हणजे अजून काहीतरी लागत होतं, आणि ते निघालं आयएल-६, इंटरल्यूकिन-६, जे आकुंचन पावणारा स्नायू स्वतः रक्तात सोडतो. स्नायू असे सिग्नल सोडतो, त्यांना मायोकाइन म्हणायचं, ही कल्पना पण कोपनहेगनचीच, बेंटे क्लारलुंड पेडरसन यांची. आयएल-६ अडवलं की एनके सेल रक्तात यायच्या पण ट्यूमरमध्ये शिरायच्या नाहीत. अ‍ॅड्रिनलिन त्यांना बाहेर काढतं, आयएल-६ आत जायला मदत करतं.

(बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल त्यांनी हे वाचून गोळी बंद करायची नाही. हा उंदरांचा प्रयोग आहे, आणि ती गोळी तुमचं हृदय सांभाळतेय.)

माणसांचं काय? फिनलंडच्या तुर्कू युनिव्हर्सिटीत लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट्सच्याच कॅन्सरच्या, पेशंट्सना फक्त १० मिनिटं व्यायामाच्या सायकलवर बसवून रक्त तपासलं, एनके आणि मारक टी सेल दोन्ही वाढलेल्या दिसल्या. पेशंट थोडेच होते. आणि रक्तात पेशी वाढल्या म्हणजे ट्यूमर लहान झाला असं होत नाही, मधला पूल माणसात अजून बांधून व्हायचाय. उंदरांना ट्यूमर व्हायच्या आधीपासून पळवलं होतं, हा पण मोठा फरक.

तरी २०२५ च्या जूनमध्ये एक भक्कम निकाल आला. चॅलेंज नावाची ट्रायल, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो झालेली. चिठ्ठ्या टाकतात तसे दोन गट केले, एकाला आरोग्याची माहितीपुस्तिका, दुसऱ्याला तीन वर्षं कोच लावून नियमित व्यायाम. आठ वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण व्यायामाच्या गटात ९०.३ टक्के आणि दुसऱ्यात ८३.२ टक्के. एखाद्या नवीन औषधाने एवढा फरक दाखवला असता तर त्याची किंमत लाखांत असती. लक्षात घ्या, ही केमो संपल्यानंतरची गोष्ट आहे, एकाच प्रकारच्या कॅन्सरची, आणि केमोच्या ऐवजी नाही तर केमोच्या नंतर. केमो चालू असतानाचा नेदरलँड्सचा एक अभ्यास आहे, ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांचा, त्यात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांमध्ये केमोचा डोस कमी करायची वेळ कमी जणींवर आली. माझ्या मते हा फायदा कमी लेखू नये, कारण ठरलेला डोस पूर्ण घेता येणं हेच उपचारात फार मोठं असतं.

आता इच्छाशक्तीवाल्यांसाठी. लोक अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण देतात, डोपिंगचं प्रकरण बाहेर आलं तरी कॅन्सरपुरतं देतातच. १९९६ मध्ये त्याला अंडकोशाचा कॅन्सर झाला, फुप्फुसात आणि मेंदूत पसरलेला. तो वाचला तो सिसप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे. इंडियाना युनिव्हर्सिटीत लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये या कॅन्सरवर सिसप्लॅटिनचं कॉम्बिनेशन वापरायला सुरुवात केली, त्याआधी पसरलेल्या अवस्थेत फार थोडे वाचायचे. आर्मस्ट्राँगचे उपचार तिथेच झाले, आणि नेहमीच्या औषधांपैकी ब्लिओमायसिन काढून आयफॉस्फामाइड वापरलं, कारण ब्लिओमायसिन फुप्फुसांवर व्रण पाडू शकतं आणि याला परत सायकल चालवायची होती. म्हणजे जिद्द होतीच, पण रसायनशास्त्र नसतं तर जिद्दीला काही करता आलं नसतं.

आणि आपल्याकडचं तर विचारूच नका. गोमूत्र, गव्हांकुरांचा रस, लक्ष्मणफळ, "साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो". नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटू नेत्याने बायकोचा स्टेज फोर कॅन्सर कडुनिंब, हळद आणि उपासाने बरा झाला असं सांगितलं तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. त्या बाईंचं ऑपरेशन आणि केमो झाली होतीच, पण व्हिडिओत गाजला तो कडुनिंब. उद्या कुणी "रोज सायकल चालवा, कॅन्सर पळवा" असा व्हिडिओ टाकला तर तो पण त्याच माळेतला समजा.

मग पेशंटने काय करायचं? कॅन्सर पेशंट्ससाठी २०१९ मध्ये जी आंतरराष्ट्रीय शिफारस आली ती साधारण अशी आहे की आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, जमल्यास दोनदा स्नायूंना जोर देणारा. सुरुवात १० मिनिटांनी केली तरी चालते, चालणं पण चालतं, मुद्दा फक्त इतका की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका दम लागला पाहिजे. सायकलच चालवायची तर घरातली, जागेवरची बरी, आणि याचं कारण शक्ती नाही तर पडण्याची भीती. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, ब्रेक किती दाबला गेला ते कळतच नाही. प्लेटलेट्स उतरलेल्या असतील तर साध्या पडण्याने आत रक्तस्राव होऊ शकतो. हाडांत कॅन्सर पसरलेला असेल तर कुठल्या हाडावर किती भार चालेल हे डॉक्टरांनीच स्कॅन बघून सांगायचं. अँथ्रासायक्लिन गटातलं औषध, ज्याला पेशंट लाल केमो म्हणतात, ते चालू असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का ते विचारून घ्या, कारण ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा गर्दीच्या जिमऐवजी घर किंवा मोकळी हवा. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात असतोच, त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना सरळ विचारा, "या आकड्यांवर मी किती हालचाल करू?" ओपीडीत गर्दी असते, ते आपणहून सांगतीलच असं नाही, पण विचारलं की सांगतात. चक्कर, छातीत दुखणं, एकदम वाढलेली धाप, पायाला एकाच बाजूला सूज, यातलं काही झालं तर लगेच थांबायचं आणि फोन करायचा. आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.