वर्षातून एकदाचं इंजेक्शन आणि जबड्याचं हाड

रावेर-यावल पट्ट्यातल्या एखाद्या आजींना दंतवैद्यानं विचारावं, "आजी, औषधं कोणती चालू आहेत?" पिशवीतून बीपीची गोळी निघते, शुगरची निघते, गुडघ्याचं मलमसुद्धा निघतं. मागच्या उन्हाळ्यात जळगावला सलाईनमधून घेतलेलं हाडांचं इंजेक्शन मात्र निघत नाही. त्याची पट्टी घरात नसते, आणि घरच्यांच्या लेखी ते औषधात मोडतच नाही. दात काढण्याआधी विचारायला हवं ते नेमकं तेच.

ते इंजेक्शन बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिडचं असतं. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी त्याच घराण्यातली, बिसफॉस्फोनेटची. दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचलं जाणारं डेनोसुमॅब वेगळ्या वाटेनं तेच काम करतं. हाड जन्मभर झिजत आणि भरत असतं. उतारवयात झीज वरचढ होते. ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, म्हणून खुबा आणि मणके मोडायचे वाचतात. पण जुना गिलावा खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. दात काढल्यावर उरलेला खड्डा भरायला त्याच पेशी लागतात. शिवाय जबड्यावर हिरडीचं पातळ आवरण तेवढं असतं आणि तोंडात जंतूंना तोटा नाही. खड्डा भरत नाही, जंतू शिरतात, हाडाचा तेवढा भाग मरतो. बहुतेकदा हे खालच्या जबड्यात घडतं.

2003 साली अमेरिकेतले मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी अशा 36 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा आजार डॉक्टरांच्या नजरेत भरला. जबडा असा सडण्याचा प्रकार त्याआधीही जगानं पाहिला होता. एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांतले मजूर पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी असेच जबडे गमावत. 1906 च्या बर्न इथल्या आंतरराष्ट्रीय करारानं त्या फॉस्फरसला आळा बसला. बिसफॉस्फोनेटच्या रेणूतही फॉस्फरस आहे, हा योगायोग मला अजूनही चमत्कारिक वाटतो.

घाबरून इंजेक्शन नाकारावं असा हा धोका नाही. ठिसूळ हाडांसाठी बिसफॉस्फोनेट घेणाऱ्या दहा हजारांत दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. कर्करोग हाडांत पसरलेल्यांचं गणित वेगळं. त्यांना झोलेड्रॉनिक ॲसिड दर तीन-चार आठवड्यांनी दिलं जातं, आणि त्यांच्यात हे प्रमाण शंभरात काही जणांपर्यंत जातं. मधुमेह, स्टेरॉइड आणि तंबाखू यांची त्यात भर पडते. मशेरी लावणाऱ्या आजींना हे स्पष्ट सांगावं, त्यांना राग आला तरी.

उघडं हाड आठ आठवडे झाले तरी झाकलं जात नाही, जबड्याला कधी रेडिएशन दिलेलं नाही आणि ही औषधं घेतली आहेत, तेव्हा हे निदान होतं. काहींना हाड दिसत नाही, हिरडीतल्या बारीक भोकातून पू येतो. काहींचा खालचा ओठ बधिर होतो. चहा ओघळून हनुवटीवर येतो तरी कळत नाही.

आता उपचार. धडधाकट माणसाचं मेलेलं हाड भूल देऊन काढलं, कडा घासल्या आणि वर हिरडी ओढून शिवली, तर गुण चांगला येतो. पण ब्याऐंशी वर्षांच्या, हृदय दुबळं असलेल्या, वजन उतरलेल्या माणसाला दोन-तीन तासांची भूल सोसेल का? माझ्या मते इथे एक्स-रे बाजूला ठेवून ताटाकडे बघावं. दुखत नाही, पू नाही, जेवण जातंय, एवढं साधलं तर उघडं हाड तसंच राहिलं तरी चालतं. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या, पू असेल तेव्हा अँटिबायोटिक, जिभेला टोचणारी हाडाची कड घासून गुळगुळीत करणं, रुतणारी कवळी बसवून घेणं किंवा काही दिवस काढून ठेवणं, एवढ्यावर अनेकांचं निभतं. कधी मेलेला तुकडा महिनोन्‌महिने हळूहळू सुटत जातो आणि एक दिवस चिमट्यात अलगद येतो: पिवळट-राखाडी, खडबडीत, रक्ताचा थेंबही नाही. खालची हिरडी तोवर भरून आलेली असते. पेन्टॉक्सिफायलीन हे रक्तप्रवाह सुधारणारं औषध आणि ई जीवनसत्त्व यांची जोडीही काही ठिकाणी देतात. तिचा पुरावा अजून तोकडा आहे. जबडा मोडला किंवा पू गालातून बाहेर फुटला, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार टाळता येत नाही.

या काळात पोट सांभाळणं हाही उपचारच. कळण्याची भाकर दुधात कुस्करून, तिखट न घातलेलं भरीत, मऊ खिचडी, वरण. केळी तर दारात आहेत, शुगर बघून. ठेचा मात्र बंद.

दात किडका असला तर "नको, हाड उघडं पडेल" म्हणून तो तसाच ठेवणं हे उलटं शहाणपण. मुळाशी साचलेला पू हेच अनेकदा या आजाराचं निमित्त असतं. दाढ वाचत असेल तर रूट कॅनल करावं. शक्य तर पहिल्या इंजेक्शनआधीच तोंड तपासून, काढायचे ते दात काढून, जखम भरू द्यावी.

आणि इंजेक्शन परस्पर बंद करू नये. बिसफॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं, दात काढण्यासाठी ते चार आठवडे थांबवून फारसं काही साधतं असं दिसलेलं नाही. डेनोसुमॅबचं उलट: सहा महिन्यांनी त्याचा असर ओसरतो आणि पुढचा डोस लांबला तर मणके एकापाठोपाठ एक खचू शकतात. दात काढायचाच असेल तर मागच्या डोसला तीन-चार महिने झाल्यावर काढतात आणि जखम भरल्यावर पुढचा डोस देतात. त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्यानं एकमेकांना एक फोन करावा लागतो. तो होत नसेल तर इंजेक्शनचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद नातवानं आजींना उपचाराला धुळ्याला किंवा संभाजीनगरला नेताना फाइलमध्ये सगळ्यात वर लावावा.