रोमचा सैनिक निवृत्तीनंतर कुणाच्या भरवशावर होता?

रोमच्या सैन्यात मुळात मालमत्ता असलेल्यालाच जागा होती. ढाल, तलवार, शिरस्त्राण ज्याचं त्यानं आणायचं. मोहीम उन्हाळ्यापुरती असे तोवर हे निभलं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात स्पेनमध्ये सैनिक सलग काही वर्षं अडकू लागले आणि गावाकडची शेती पडीक राहू लागली. पात्र माणसं कमी पडत गेली, तशी मालमत्तेची अट सैल होत गेली. जुन्या ग्रंथांत तिचे आकडे ११,०००, ४,००० आणि १,५०० आस (रोमन नाणी) असे सापडतात. इ.स.पू. १२३ मध्ये ट्रिब्यून (लोकांनी निवडलेला प्रतिनिधी) गायस ग्राकसच्या कायद्यानं सैनिकांचे कपडेही सरकारी खर्चानं मिळू लागले.

म्हणून इ.स.पू. १०७ मध्ये कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) मारियसनं उत्तर आफ्रिकेतल्या न्यूमिडियाचा राजा जुगुर्था याच्याविरुद्धच्या युद्धासाठी भूमिहीन स्वयंसेवक घेतले, ती अनेकदा सांगतात तशी एकाएकी झालेली क्रांती नव्हती. त्याच्या नावावर सांगितली जाणारी कोहॉर्टची (मोठ्या सैन्यतुकडीची) रचनाही त्याच्याआधी स्पेनमध्ये दिसते.

खरी अडचण युद्ध संपल्यावरची होती. शेतकरी शिपाई आपल्या शेताकडे परतायचा. भूमिहीनानं कुठं जायचं? सिनेटनं कायमची सोय केली नाही, म्हणून जमीन मिळवून देणं सेनापतीवर आलं. इ.स.पू. १०३ मध्ये ट्रिब्यून सॅटर्निनसनं मारियसच्या सैनिकांना आफ्रिकेत माणशी १०० युगेरा, म्हणजे सुमारे ६२ एकर, देण्याचा कायदा केला. इ.स.पू. ८८ मध्ये पूर्वेच्या मोहिमेचं नेतृत्व सेनापती सुल्लाकडून काढून मारियसला दिलं गेलं. मारियस दुसरे सैनिक नेईल आणि आपली लूट बुडेल, ही इटलीतल्या नोला शहराजवळच्या सुल्लाच्या फौजेची धास्ती होती. ती सुल्लाबरोबर थेट रोमवर चालून गेली. एक क्वेस्टर (खजिना सांभाळणारा अधिकारी) सोडून बाकीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मात्र त्याची साथ सोडली. जमिनीची किंमत पुढं इटलीतल्या सामान्य शेतकऱ्यांनी मोजली. इ.स.पू. ४२ मधल्या, सीझरच्या मारेकऱ्यांविरुद्धच्या फिलिप्पीच्या लढाईनंतर सैनिकांना वाटण्यासाठी इटलीतल्या १८ शहरांच्या जमिनी मुक्रर झाल्या होत्या.

ही गाठ पहिल्या सम्राटानं, ऑगस्टसनं, इ.स. ६ मध्ये सोडवली. त्यानं वेगळा लष्करी खजिना उभारला, स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) त्यात घातले आणि वारसाहक्कावर ५ टक्के, लिलावावर १ टक्का कर त्याला जोडून दिला. २० वर्षांच्या नोकरीनंतर १२,००० सेस्टर्स, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त पगार, सैनिकाच्या हाती पडणार होता. सेनापतीच्या मर्जीची जागा कायद्यानं घेतली, आणि माझ्या मते इ.स.पू. १०७ मधल्या भरतीपेक्षा हेच वळण मोठं. अंमलबजावणी मात्र लगेच रुळली नाही: इ.स. १४ मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या सैनिकांनी बंड केलं. तीस-चाळीस वर्षं राबवून घेतात आणि शेवटी दलदल किंवा खडकाळ डोंगर शेत म्हणून देतात, ही त्यांची तक्रार होती.