चादरी, पडदे, रजया बाहेरून मागवताय? पार्सल कस्टम्समध्ये कुठे अडकतं ते आधी बघा

परवा परत एकाचा मेसेज, पार्सल कस्टम्सला अडकलंय, बावीस चादरी आहेत, आता काय लिहून देऊ. म्हटलं आधी इनव्हॉइसचा फोटो पाठव. त्यावर लिहिलेलं 'होम टेक्स्टाइल, २२ नग'. बस, एवढंच. आता समोरच्या अधिकाऱ्याने यावरून काय समजायचं? चादर आहे का पडदा, कॉटन का पॉलिएस्टर, मागावर विणलेलं का होजियरीसारखं निटेड, कशाचाच पत्ता नाही, आणि यातल्या प्रत्येक उत्तरावर कोड बदलतो, कोडबरोबर दरही बदलू शकतो.

प्रोसेस तशी साधी आहे. माल येतो, डिक्लेरेशन भरलं जातं (छोट्या पार्सलचं कुरिअरवाले किंवा पोस्ट बघतं, मोठ्या मालाचं क्लिअरिंग एजंट), ड्युटी आणि टॅक्स निघतो, तुम्ही भरता, माल सुटतो. धंद्यासाठी मागवत असाल तर आपल्या देशाचा इम्पोर्टर नंबर माल निघायच्या आधी काढून ठेवा. झालं. बाकी सगळी रड मधल्या तीन-चार जागांची आहे, आणि लोकांचे कागद बघून बघून सांगते, जागा त्याच त्याच असतात.

उशी, अभ्रा आणि कुशन कव्हर

एचएस कोड, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेला नंबर, हा सगळ्याचा पाया. ब्रसेल्सच्या वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची ही यादी १९८८ पासून लागू आहे, सध्या २०२२ ची आवृत्ती चालते, पुढची १ जानेवारी २०२८ ला येणार. पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या जगात सारखे, त्यापुढचे प्रत्येक देशाचे आपापले. म्हणून विक्रेत्याने दिलेला आठ नाहीतर दहा आकडी कोड जसाच्या तसा चिकटवू नका, तो त्याच्या देशाचा असतो. त्यातले सहाच घ्यायचे, तेही तपासून, आणि पुढचे आपल्या देशाच्या टॅरिफमधून (कोड आणि दरांची यादी) शोधायचे.

घरातलं बरंचसं कापडी सामान चॅप्टर ६३ मध्ये येतं. ब्लँकेट ६३०१, चादरी-टॉवेल-टेबलक्लॉथ ६३०२, पडदे ६३०३, बेडस्प्रेड वगैरे उरलेलं ६३०४, पुसायची फडकी ६३०७. गालिचे मात्र वेगळे, चॅप्टर ५७. इथपर्यंत सहसा कोणी चुकत नाही. चुकतात उशीपाशी.

उशीचा अभ्रा ६३०२, कारण तो बेड लिनन. सोफ्यावरच्या कुशनचं कव्हर ६३०४. दिसायला दोन्ही चौकोनी पिशव्याच, पण कोड वेगळे. आणि तीच उशी आत भरून आली की ती या चॅप्टरमध्ये राहतच नाही, ती जाते ९४०४ ला, गाद्या आणि फर्निचरच्या चॅप्टरमध्ये. रजईचंही तेच, आत कापूस, पिसं किंवा फायबर भरलेलं असेल तर ९४०४, त्यात २०२२ पासून रजया-दुलयांना ९४०४.४० असा वेगळा सहा आकडी कोड आहे, आणि नुसतं दुलईचं कव्हर असेल तर परत ६३०२. विक्रेता मात्र सगळ्याला 'बेडिंग' म्हणून मोकळा होतो. सेट मागवलात, म्हणजे रजई, चादर, दोन अभ्रे एकाच पॅकमध्ये, तर आणखी गंमत, रिटेल सेटला ज्या वस्तूमुळे ओळख मिळते तिचा कोड सगळ्या सेटला लागू शकतो, आणि ती वस्तू कुठली यावर तुमचं आणि अधिकाऱ्याचं मत जुळेलच असं नाही.

मिक्स कापडात वजन बघतात. ज्या धाग्याचं वजन जास्त त्याचं ते कापड. दिसायला सुती वाटतं किंवा वेबसाइटवर 'कॉटन रिच' लिहिलंय याला काही अर्थ नाही, टक्के लिहा. आणि बरोब्बर ५०-५० असेल तर? टॅरिफच्या सेक्शन ११ च्या नोट २ प्रमाणे, कोणताच धागा जास्त नसेल तर यादीत ज्याचा नंबर शेवटी येतो तो धरायचा. कॉटन चॅप्टर ५२, पॉलिएस्टरचा स्टेपल फायबर (आखूड तंतू) ५५, म्हणजे ५०-५० ची चादर पॉलिएस्टरची झाली. हे कळल्यावर लोक भांडायला उठतात पण नियम तसाच आहे, ५१-४९ असेल तर तसं मिलकडून लिहून आणा.

किंमत: जो कागद कोणाकडेच नसतो

इनव्हॉइस सगळ्यांकडे असतं. पैसे दिल्याचा पुरावा नसतो. वर्ल्ड ट्रेड ऑर्गनायझेशनच्या व्हॅल्युएशन करारानुसार पहिली पद्धत म्हणजे खरोखर दिलेली किंवा द्यायची असलेली किंमत, पण अधिकाऱ्याला त्यावर शंका आली तर तो तुम्हाला सिद्ध करायला सांगणार, आणि तिथे 'मित्राच्या कार्डवरून भरले होते' हे उत्तर चालत नाही. बँकेचं स्टेटमेंट किंवा कार्डची पावती, ऑर्डर कन्फर्मेशन, आणि डिस्काउंट मिळाला असेल तर तो इनव्हॉइसवरच दिसला पाहिजे. पन्नास टक्के सेलमध्ये घेतलेल्या पडद्यांची मूळ किंमत वेबसाइटवर तशीच झळकत असते, आणि अधिकारी तीच उघडून बघतो! सेलच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर ते पान मिळत नाही.

फुकट आलेलं सॅम्पल किंवा बदलून पाठवलेला टॉवेल याचीही किंमत शून्य नसते बरं का. शून्य लिहिलं की पार्सल हमखास बाजूला पडतं.

आता हिशोब, कारण इथे लोकांना वाटतं फसवलं. समजा माल ४००, वाहतुकीचं भाडं ८०, विमा २०. भाडं आणि विमा धरायचा की नाही हे करारात प्रत्येक देशावर सोडलंय, युरोपियन युनियन आणि भारत धरतात, अमेरिका धरत नाही. धरणाऱ्या देशात किंमत झाली ५००. ड्युटी १२ टक्के धरू (युरोपियन युनियनमध्ये चादरींना साधारण हाच दर आहे), झाले ६०. त्यानंतरचा व्हॅट किंवा जीएसटी ५०० वर नाही, ५६० वर लागतो. २० टक्के धरला तर ११२. म्हणजे ४०० च्या मालावर १७२ गेले, वर कुरिअरवाल्याची हँडलिंग फी वेगळी. टॅक्सवर टॅक्स म्हणून ओरडून काही होत नाही, बहुतेक देशांत असंच चालतं. विक्रेत्याशी माल पोहोचवायची अट डीडीपी ठरली असेल तर हे सगळं त्याने भरायचं असतं, डीएपी असेल तर तुम्ही. ऑर्डर करताना ही तीन अक्षरं कोणी वाचत नाही आणि मग दारात कुरिअरवाल्याशी भांडतात, त्याचा बिचाऱ्याचा काय संबंध.

'छोट्या पार्सलला काही लागत नाही' ही जुनी माहिती अजून फिरतेय. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय सुटायचं ते २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबलं. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला काढली. तिथली १५० युरोची मर्यादा लोक अजून सांगतात पण ती फक्त ड्युटीसाठी, व्हॅटसाठी कधीच नव्हती, आणि तीही काढून टाकायचं ठरलंय. आणि प्लीज, विकत घेतलेल्या मालावर 'गिफ्ट' टिक करायला विक्रेत्याला सांगू नका. गिफ्ट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, अधूनमधून, पैसे न घेता पाठवलेलं. ब्रिटनमध्ये त्यालाही ३९ पौंडांची मर्यादा आहे. बॉक्सवर दुकानाचं नाव आणि आत एकसारखे बारा नॅपकिन, कोणाला पटणार आहे ते?

'मेड इन'च्या लेबलवर सवलत मिळत नाही

ज्या देशाशी व्यापार करार आहे तिथला माल असेल तर ड्युटी कमी किंवा शून्य लागू शकते. पण त्यासाठी ओरिजिनचा कागद लागतो, सर्टिफिकेट किंवा एक्स्पोर्टरने इनव्हॉइसवर ठरलेल्या शब्दांत लिहिलेलं स्टेटमेंट. चादरीला शिवलेलं लेबल म्हणजे तो कागद नव्हे. आणि माल जिथून निघाला तो देश म्हणजे ओरिजिन नव्हे, मधल्या गोडाऊनमधून पाठवलेला टॉवेल त्या गोडाऊनच्या देशाचा होत नाही. टेक्स्टाइलला तर नियम अजून कडक असतात. अमेरिकेत कॉटनच्या चादरीचं ओरिजिन कापड कुठे विणलं यावर ठरतं, कापून शिवली कुठे यावर नाही. एका देशात विणून दुसऱ्या देशात शिवलेल्या चादरीवर शिवणाऱ्या देशाचं नाव टाकलं की चुकलंच. हा कागद माल निघायच्या आधी मागा. पैसे मिळाल्यावर विक्रेता मेलला उत्तर देत नाही हे मी खूपदा बघितलंय.

रंगाचंही एक आहे. काही अॅझो रंग (कापड रंगवायच्या कृत्रिम रंगांचा एक प्रकार) युरोपियन युनियन, भारत अशा ठिकाणी बंद आहेत, धंद्याच्या मालाला लॅबचा रिपोर्ट मागू शकतात. तो नसेल तर सॅम्पल काढून टेस्टला पाठवतात, आणि तोवर माल तिथेच आणि गोडाऊनचं भाडं चालू.

घर हलवताय? इथे सूट आहे, पण

कायमचं राहायला जाताना घरचं वापरलेलं सामान बऱ्याच देशांत ड्युटीशिवाय नेता येतं आणि त्यात चादरी-पडदे-ब्लँकेटही येतात. युरोपियन युनियनमध्ये अट अशी की तुम्ही आधी सलग बारा महिने बाहेर राहिलेले हवेत, वस्तू जुन्या घरी किमान सहा महिने वापरलेली हवी, राहायला आल्यापासून बारा महिन्यांत आणायची, आणि आणल्यावर बारा महिने विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. अमेरिकेत वापर एक वर्षाचा हवा, फॉर्म ३२९९. ब्रिटनमध्ये टीओआर १, म्हणजे घर हलवण्याच्या सवलतीचा अर्ज, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, नंबर मिळाल्यावर माल.

वापरलेलं. हा शब्द लोक वाचतच नाहीत. जाताना लागतील म्हणून हौसेने घेतलेल्या सहा नव्या कोऱ्या चादरी, प्लॅस्टिकसकट, टॅगसकट, सामानात टाकतात आणि मग अधिकारी एक खोका उघडतो आणि सगळ्याच यादीवर संशय घेतो. नवं असेल तर ते वेगळ्या यादीत लिहा आणि त्यावर ड्युटी भरा, बाकीचं वाचेल. लग्न करून राहायला जाणाऱ्यांना युरोपियन युनियनमध्ये नव्या सामानालाही सूट आहे पण त्याची मुदत लग्नाच्या दोन महिने आधीपासून चार महिने नंतरपर्यंत. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

आणि जुन्या चादरीची पावती कोणाकडे असते? कोणाकडेच नाही, तरी मागतात. तिथे खोकेवार सही केलेली यादी, जुन्या घराचा भाडेकरार किंवा बिलं, आणि पॅकर्सची पॅकिंग लिस्ट हे तिन्ही एकमेकांशी जुळलं तर बऱ्यापैकी भागतं. यादीत 'कपडे व इतर' असं लिहू नका, '४ डबल चादरी, वापरलेल्या, कॉटन' असं लिहा. जुनं आहे म्हणून कोणी ६३०९, म्हणजे वापरलेल्या कपड्यांचा कोड, सुचवेल, पण त्यासाठी वस्तू चांगली झिजलेली दिसली पाहिजे आणि गासड्या, पोती अशी ठोक आलेली पाहिजे. दोन वापरलेली ब्लँकेट वेगळी पॅक करून पाठवली तर तो कोड लागत नाही. गालिचा तर कितीही जुना असो, त्यात येतच नाही.

मुदती

तीन घड्याळं एकदम चालतात आणि लोक एकच बघतात. एक डिक्लेरेशन भरायची मुदत. दुसरी, कस्टम्सने प्रश्न विचारला तर उत्तराची. तिसरी गोडाऊनच्या फ्री दिवसांची, ती कस्टम्सची नाहीच, ती पोर्ट किंवा कुरिअर ठरवतं, आणि कस्टम्सच्या चौकशीमुळे उशीर झाला म्हणून ती सहसा थांबत नाही. 'उत्तराला अजून आठ दिवस आहेत' म्हणून निवांत बसलेल्याला भाड्याचं बिल ड्युटीपेक्षा मोठं आलेलं मी पाहिलंय.

ड्युटी जास्त भरली गेली असेल तर परत मागता येते. युरोपियन युनियनमध्ये जास्त आकारलेल्या ड्युटीला तीन वर्षं, खराब निघालेल्या मालाला एक वर्ष. अमेरिकेत हरकत घ्यायला १८० दिवस, पण ते लिक्विडेशनपासून (कस्टम्सने ड्युटीचा हिशोब पक्का केल्यापासून) मोजतात, पैसे भरल्यापासून नाही, ही तारीख वेगळी असते. ऑनलाइन घेतलेलं परत पाठवणार असाल तर परत पाठवल्याचा पुरावा आणि मूळ डिक्लेरेशनचा नंबर दोन्ही जपा, खोका मात्र घाईघाईत पाठवू नका, आधी कस्टम्सला कळवावं लागतं का ते बघा.

नेहमी मागवणार असाल तर कोडबद्दल आगाऊ लेखी निर्णय मागा. युरोपियन युनियनमध्ये तो साधारण १२० दिवसांत देतात आणि तीन वर्षं चालतो. माल बंदरात उभा असताना अर्ज करून मात्र उपयोग नाही.

तर त्या बावीस चादरी. विक्रेत्याकडून नवं इनव्हॉइस मागवलं: 'बेडशीट, मागावर विणलेली, छापील, १०० टक्के कॉटन, २२ नग, निव्वळ वजन इतके किलो, प्रति नग किंमत, डिस्काउंट, विणलेला देश'. पहिल्या वेळी त्याने नवा नंबर आणि नवी तारीख टाकून पाठवलं, म्हणजे अधिकाऱ्याच्या समोर एकाच मालाची दोन इनव्हॉइस. परत मागितलं, जुनाच नंबर, जुनीच तारीख, वर 'सुधारित' आणि आजची तारीख. सोबत कार्डचं स्टेटमेंट आणि दोन ओळींचं पत्र, पहिल्या इनव्हॉइसमध्ये वर्णन अपुरं होतं एवढंच. अर्ध्या पानाची कैफियत त्या मेसेजवाल्याने आधीच टाइप करून ठेवली होती, ती काढायला लावली.