सैतानाची पट्टी कुठे असते?

पलंगाखाली झाडू घातला की धूळ आणि केस यांचे कापसासारखे हलके गोळे बाहेर येतात. त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात?

1965 ते 1970 या काळात हा प्रश्न अमेरिकेत गावोगाव विचारला गेला. कुणी सांगितलं ‘डस्ट बनी’, धुळीचे ससे. पेनसिल्व्हेनियाकडे ‘वुलीज’, म्हणजे लोकरीचे पुंजके. दक्षिणेत ‘हाउस मॉस’, घरातलं शेवाळ! केर तोच आणि भाषाही इंग्रजीच.

विचारणारे लोक विस्कॉन्सिन विद्यापीठाचे होते, अमेरिकेतल्या बोलींचा कोश करायला निघालेले, आणि त्यांचे प्रमुख होते फ्रेडरिक कॅसिडी. त्यांचा जन्म 1907 चा, जमैकातला. तिथली क्रिओल, म्हणजे इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळणीतून घडलेली बोली, लहानपणापासून त्यांच्या कानांवर पडलेली. जिला ‘मोडकी इंग्रजी’ म्हणून हिणवलं जाई, त्या बोलीचा कोश त्यांनी रॉबर्ट ले पेज यांच्यासोबत 1967 मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या बोलींकडेही त्यांनी शुद्ध-अशुद्धाचा चष्मा लावून पाहिलं नाही. त्यांचं मोठेपण मला सगळ्यात जास्त यात दिसतं.

‘वर्ड वॅगन’ नावाच्या गाड्या घेऊन विद्यार्थी निघाले आणि 1002 ठिकाणी जाऊन आले. प्रश्नावलीत सोळाशेहून जास्त प्रश्न होते: हवामान, भांडीकुंडी, गुरंढोरं, आजार, शिव्या, लाडाची नावं. शक्यतो जन्मभर त्याच गावात राहिलेली माणसं शोधायची, आणि त्यातही म्हातारी जास्त. पथ्य एकच, पण कडक: शब्द आपण उच्चारायचा नाही. ‘तुम्ही याला अमुक म्हणता का?’ असं विचारलं की समोरचा पाहुण्याचं मन राखायला ‘हो’ म्हणून टाकतो. म्हणून वस्तूचं वर्णन करायचं आणि गप्प बसायचं. अशी सुमारे 23 लाख उत्तरं जमली.

ती नकाशावर मांडली गेली. हा नकाशा पहिल्यांदा पाहणारा गोंधळतोच, कारण त्यात राज्यांचे आकार क्षेत्रफळावर नाही, लोकसंख्येवर ठरवलेत. न्यूयॉर्क फुगलेलं, वायोमिंग आक्रसलेलं. त्यावर ठिपके पडले की शब्दाचा मुलूख उघडा होतो. लांब पावात भाजी-मांस भरलेलं सँडविच न्यूयॉर्कमध्ये ‘हीरो’, फिलाडेल्फियात ‘होगी’, न्यू इंग्लंडमध्ये ‘ग्राइंडर’.

या कोशाचा, म्हणजे ‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश’चा, पहिला खंड 1985 मध्ये आला. कॅसिडी 2000 मध्ये गेले तेव्हा छापून आलेले खंड ओ अक्षरापर्यंतच पोचले होते. त्यांच्या थडग्यावर कोरलं आहे: ‘ऑन टू झेड!’, म्हणजे चला झेडकडे! जोन ह्यूस्टन हॉल यांनी काम पुढे नेलं आणि पाचवा खंड 2012 मध्ये निघाला.

कोशाचा उपयोग डॉक्टरांनाही होतो. दक्षिणेतला म्हातारा ‘रायझिंग’ झालंय म्हणतो तेव्हा त्याला गळू झालेलं असतं. ‘लीडर’ दुखतात म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा दुखतात. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हे कळलं नाही, तर रोग्याच्या अडाणीपणाला दोष द्यायचा का?

शब्द माणसाचा पत्ता कसा सांगतो, याचं एक उदाहरण भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांच्या कामातलं आहे. एका मुलीचं अपहरण झालं होतं आणि खंडणीची चिठ्ठी पोलिसांनी त्यांच्याकडे आणली. त्यात ‘कॅन’, ‘कॉप्स’ असे सोपे शब्द सी ऐवजी के लावून चुकवलेले, पण ‘प्रेशस’सारखा अवघड शब्द बिनचूक. म्हणजे शिकलेला माणूस अडाण्याचं सोंग घेत होता. पैसे कचऱ्याच्या डब्यात ठेवायचे होते आणि तो डबा होता ‘डेव्हिल स्ट्रिप’वर. पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला असं ‘सैतानाची पट्टी’ म्हणतात ते ओहायोतल्या ॲक्रनच्या परिसरात. शाय स्वतः ॲक्रनचेच, त्यामुळे शब्द त्यांनी लगेच ओळखला.

स्पेलिंग बिघडवताना त्या माणसाने काळजी घेतली होती. ‘डेव्हिल स्ट्रिप’ हा आपल्या गावचा शब्द आहे, हे मात्र बहुधा त्याच्या ध्यानातच आलं नाही. घरचा शब्द बोलणाऱ्याला सगळ्या जगाचाच वाटतो. शाय यांनी पोलिसांना विचारलं, संशयितांत ॲक्रनचा कुणी शिकलेला माणूस आहे का? एक होता.